एक नमस्कार जास्त

सोल्लालच्या, कोरियन नववर्षाच्या सकाळी मानसोकने आईची बैठक खोलीतल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात घातली. जमिनीखालची ऊब जिथे आधी पोचते तो कोपरा घरातल्या वडीलधाऱ्यांचा. बैठकीवर तिचं सणासुदीचं जांभळं झंपर घडी करून ठेवलं, त्याला टेकून तिचा फोटो ठेवला, आणि पुढे तोक्कुकचा, नव्या वर्षाच्या तांदळाच्या वड्यांच्या सुपाचा, वाफाळता वाडगा. फोटोला मयताची काळी फीत नव्हती. मिग्योंगने, त्याच्या बायकोने, आदल्या दिवशी ती बाजारातून आणली होती आणि त्याने कचऱ्यात टाकली होती.

"यंदूचे बाबा, एक विचारू? चिडणार नाही ना?"

"विचार."

"नमस्कार किती घालायचे?"

"एक."

"अहो, पण लोक म्हणतात..."

"जिवंताला एक, मेलेल्यांना दोन घालतात. आई मेलेली नाही, हरवलीय. या घरात कुणी दुसरा नमस्कार घातला तर त्याची कंबर मोडून ठेवीन."

या माणसाशी वाद म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे मिग्योंगला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. पोरगा यंदू सैन्यात, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. घरात दोघंच होती आणि दोघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं.

म्हातारी हरवली ती मिरच्या वाळवायच्या दिवसांत. अंगणात निम्म्या मिरच्या उलटवलेल्या आणि निम्म्या तशाच होत्या, काठी बाजूला पडलेली, आणि सुन्नेबाईंचा पत्ता नाही. त्याआधी नदीकाठच्या गावांतून एकट्या राहणाऱ्या चार म्हाताऱ्या गळा आवळलेल्या सापडल्या होत्या. एक बोरूच्या बनात, एक कालव्यात, दोघी कुणाच्या तरी रिकाम्या शेडमध्ये. वर्तमानपत्रवाल्यांनी मारेकऱ्याला झकास नावही देऊन टाकलं, जसा काही तो सर्कशीतला कलाकार होता. मानसोक ते नाव कधी घेत नसे. तो नुसतं 'तो' म्हणे. सोजिनच्या बाजारातली आपली वाम मासळीची खानावळ त्याने बंद केली, बायकोसह मुलगोल गावातल्या आईच्या घरी मुक्काम हलवला, आणि सगळ्या गावासमोर सांगितलं, की पोलिसांच्या आधी तो मला सापडू दे, एवढंच माझं मागणं आहे.

आणि हिवाळाभर त्याने त्याला शोधलं. एकट्याने नव्हे. बरोबर पिलगू होता.

प्यो पिलगू खोऱ्यात गॅसच्या टाक्या पोचवायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याकडे वाढलेला, पस्तिशीचा, हसरा. कुणाच्याही घरात शिरून म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून "काय आजी, अजून हिंडताय का?" म्हणायचा. सुन्नेबाई त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. त्या हरवल्या तेव्हा डोंगर धुंडाळायला सगळ्यात आधी पिलगूच आला, आणि बाकीचे थकून घरी बसले तरी तो येतच राहिला. संध्याकाळी त्याच्या ट्रकमधून दोघं गावोगाव फिरत, एकट्या म्हाताऱ्यांची दारं वाजवत, अनोळखी गाडी दिसली की मागे लागत. पिलगूला सगळे रस्ते पाठ होते.

एकदा त्यांना सापडलाही. निदान मानसोकला तसं वाटलं. रजया विकणारा एक फिरता माणूस एका आजीच्या अंगणात उभा होता. पिलगू कानाशी म्हणाला, "दादा, याला मी तुमच्या आईच्या गल्लीत बघितलाय." मानसोकने त्या माणसाचे दात पाडले, बरगडी मोडली. नंतर कळलं, की आई हरवली तेव्हा तो दवाखान्यात पडून होता. त्याच्या पोरीने पोलीस ठाण्यात येऊन मानसोककडे नुसतं बघितलं होतं. ती नजर आठवली की अजूनही त्याला जेवण जात नसे.

सोल्लालच्या दोन दिवस आधी आणखी एक म्हातारी नाहीशी झाली. येम बुनरे, पलीकडच्या वाडीतली विधवा. पोलिसांनी एक दिवस शोधाशोध केली, मग बर्फ पडायला लागलं आणि सण आला.

दुपारच्या आत पिलगू आला. नवा कोट, भांग पाडलेला, हातात फळांची टोपली. "वहिनी, नव्या वर्षात खूप सुख मिळू दे तुम्हाला. तोक्कुक उरलंय का? चुलत्याकडे पूर्वजांचं करून आलो, पण काकूच्या हातचं कुत्रंही खाणार नाही."

"बस रे, आणते," मिग्योंग म्हणाली. ती स्वयंपाकघरात गेली.

"आधी आजींना नमस्कार करतो," पिलगू म्हणाला. त्याची नजर बैठकीवर गेली आणि आवाज खाली आला. "दादा, चालेल ना?"

"तुझीही आईच ती. घाल."

दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. हात कपाळाशी, गुडघे जमिनीला, कपाळ हातांवर. मानसोक क्षणभर तसाच राहिला, मनात म्हणाला, आई, कुठे असशील तिथे ऊब असू दे. मग उठला आणि मागे सरला.

पिलगूही उठला. पण सरळ उभा राहता राहता त्याचे हात पुन्हा कपाळाशी गेले. गुडघे वाकले. तो दुसऱ्यांदा खाली निघाला होता. निम्म्यावर येऊन थांबला आणि वाकून पायमोजा नीट करू लागला.

"पायात गोळा आला," तो म्हणाला. मग हसला. "सकाळपासून चुलत्याकडे मेलेल्यांना दोन-दोन घालतोय ना दादा, अंगाला सवय लागली."

मानसोकने त्याला काहीच विचारलं नव्हतं.

मिग्योंग वाडगा घेऊन आली. पिलगूने चवीने खाल्लं, पुन्हा मागून घेतलं, गाजराच्या लोणच्याला नावं ठेवली, मिग्योंगला हसवलं. मानसोकच्या डोक्यात एकच चाललं होतं. आई मेली हे याला माहीत आहे. आणि लगेच दुसरं, रजईवाल्याच्या वेळीही तू असाच खात्रीने बोलत होतास. निम्म्या देशाने सकाळी दोन-दोन नमस्कार घातलेत. आईबापावेगळं पोर, आईने ज्याला आपल्या ताटातलं दिलं, त्याच्यावर तू पायमोज्यावरून खुनाचा आळ घेणार?

"आज निघायचं का शोधायला? बुनरे आजींसाठी?" मानसोकने विचारून बघितलं.

"आज नको दादा. चुलत्याकडे सोजूची बाटली घेऊन बसायचंय. सण रोज येतो का?"

हिवाळाभरात पिलगू पहिल्यांदाच नाही म्हणाला होता. तो गेला तसा मानसोकने अंगणातूनच इन्स्पेक्टर थाक यांना फोन लावला. मागे पोरांचा गोंधळ ऐकू येत होता.

"मानसोक, सणाच्या दिवशी तरी," थाक म्हणाले. "बरं बोल."

त्याने सांगितलं. पलीकडून सुस्कारा आला.

"म्हणजे न्यायाधीशासमोर मी काय सांगू? साहेब, हा इसम गरजेपेक्षा जास्त वाकला?"

"साहेब, तो अर्ध्यात थांबला."

"मग तर गुन्हाही अर्धाच झाला. हे बघ, त्या रजईवाल्याने तक्रार मागे घेतली ती मी हात जोडले म्हणून. पिलगूच्या अंगाला बोट लावशील तर या वेळी मीच तुला आत टाकेन. सुट्टी संपली की मी त्याच्यावर माणूस ठेवतो. झालं?"

फोन ठेवल्यावर मानसोक अंगणात येरझारा घालू लागला. सुट्टी संपेपर्यंत बुनरे आजी कुठे असेल याचा विचार साहेबांना करायचा नव्हता, कारण साहेबांच्या मते ती आधीच मेलेली होती. सगळ्यांच्याच मते होती. बुनरेची मुलगी ग्युमसुन तेवढी मानत नव्हती. तिनेही, मानसोकचं ऐकून, आईची बैठक मांडली होती.

त्याच्या पायाखालची बर्फाची करकर थांबली. खरं तर तोच थांबला होता.

ग्युमसुनचं घर पिलगूच्या चुलत्याच्या घरावरून इकडे येताना वाटेत लागतं.

तो तसाच गाडी काढून निघाला. ग्युमसुन डोळे सुजलेली, दारातच भेटली. "नव्या वर्षाचे आशीर्वाद द्यायला आलास की शोक करायला?" ती कडवटपणे म्हणाली. तिचा दोष नव्हता. सकाळपासून येणारा प्रत्येक जण घरात मयत झाल्यासारखा हळू बोलत होता.

"ग्युमसुन, पिलगू आला होता का सकाळी?"

"आला होता. फळं देऊन गेला."

"आईच्या बैठकीला नमस्कार घातला?"

"हो, घातला की."

"किती?"

तिला राग आला. "किती म्हणजे? एक. माझी आई जिवंत आहे, मानसोक. बाकी सगळे अडखळले. दुसरा घालायचा की नाही म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या पोराने मात्र एक घातला, उठला आणि सरळ बसला. बरं वाटलं मला, कुणाला तरी खात्री आहे म्हणून."

चुलत्याकडून पिलगू आधी इथे आला होता. अंगाला सवय लागली असती तर ती इथे आधी दिसली असती. इथे त्याचं अंग एकदा वाकलं आणि थांबलं, कारण त्या अंगाला माहीत होतं की ही म्हातारी जिवंत आहे. मग ते अंग त्याच्या आईसमोर गेलं आणि दुसऱ्यांदा वाकायला निघालं.

आई गेली. तीन महिने असोत की अख्खा हिवाळा, माणूस आशेला कवटाळून बसतो आणि मग एका पायमोज्यावरून सगळं कळतं. त्याला दारातच रडू फुटलं असतं, पण ग्युमसुन त्याच्याकडे बघत होती.

"तुझी आई जिवंत आहे," तो म्हणाला. "थाक साहेबांना फोन कर. तू रड, ओरड, पण त्यांना घराबाहेर काढ. सांग, पिलगूच्या मागे गेलाय मानसोक."

सणामुळे सगळं खोरं घरात बसलं होतं. ताज्या बर्फावर पिलगूच्या ट्रकच्या चाकोऱ्या तेवढ्या होत्या, आणि त्या चुलत्याच्या घराकडे गेल्या नव्हत्या. नदी ओलांडून त्या वरच्या जुन्या रेशीम-वाडीकडे वळल्या होत्या. तिथे आता कुणी राहत नाही. मानसोकची छोटी गाडी पहिल्याच चढावर घसरली, तेव्हा ती वळणावर सोडून तो पायी निघाला. फोनवरच्या नेटवर्कच्या रेघा एकेक करून गेल्या. कोटाच्या खिशात दाभण होती. कापताना वाम निसटू नये म्हणून तिचं डोकं जिने फळीवर ठोकतात ती.

चढताना तो एकच गोष्ट मनाशी घोकत होता. मारायचं नाही. आधी म्हातारी. आधी म्हातारी. पण दुसरं मन वेगळंच सांगत होतं, आणि ते मन मोठ्याने बोलत होतं.

दिवस अजून होता. रेशमाच्या किड्यांच्या लांबलचक शेडसमोर ट्रक उभा होता. पिलगू दार लोटून बाहेर आला, तोच नवा कोट, हातात बादली. मानसोकला बघून त्याने बादली खाली ठेवली. मग मागच्या बर्फाकडे, चाकोऱ्यांकडे बघितलं.

"बर्फाने दगा दिला म्हणायचा," तो म्हणाला.

"बर्फाने नाही. तू माझ्या आईला दुसरा नमस्कार घालायला निघालास आणि बुनरेला घातला नाहीस."

पिलगू विचारात पडला. त्याला खरोखरच नवल वाटलं असावं. मग तो मनापासून हसला. "गुडघ्यांनी चुगली केली होय! काकूने लहानपणी छडी मारून मारून शिकवलंय दादा, हाडात बसलंय." हसता हसता त्याने खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि दरीत भिरकावली. "आता दोघंही पायी."

त्याने बादली उचलून मानसोकच्या तोंडावर फेकली आणि अंगावर आला. तो तरुण होता, टाक्या उचलून हात घट्ट झालेले. मानसोकचं डोकं दोनदा दारावर आपटलं. पण आयुष्यभर निसटत्या गोष्टी पकडणाऱ्याच्या हातात एकदा मनगट आलं की सुटत नाही. मानसोकने ते मनगट चौकटीवर दाबलं आणि दाभण तळव्यातून लाकडात घातली, मुठीने ठोकली. मग गुडघ्यावर पाय दिला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनी ऐकला.

पिलगू किंचाळला. मानसोकला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला इतकं बरं वाटलं होतं, की त्याने तोच पाय पुन्हा दाबला.

"आई कुठे आहे?"

पिलगू दातओठ खात श्वास घेत होता. मग म्हणाला, "सांगितलं तर मारशील. नाही सांगितलं तर जपशील. मी काय खुळा आहे?" इतक्या वर्षांत तो त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

मानसोकने त्याचा गळा धरला. अंगठे बसायला पाहिजेत तिथे बसले. अजून थोडा जोर दिला असता तर काम झालं असतं.

आतून कुणीतरी कण्हलं.

शेडच्या टोकाला, फाटक्या प्लास्टिकवर, बुनरे आजी पडली होती. हातपाय बांधलेले, अंगावर एक घाणेरडी चादर. पिलगूने तिला मारलं नव्हतं, थंडीच्या स्वाधीन करून रोज बघायला येत होता. मानसोकने दोऱ्या सोडल्या, तिचा हात हातात घेतला. ती थरथरत नव्हती. थंडीने माणूस थरथरायचा थांबला की वेळ थोडा उरतो, हे नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. फोन मुका होता. खाली गाडी होती, गाडीत हीटर होता, आणि पुढे ग्युमसुन.

त्याने आपला कोट तिला घातला, चादर गुंडाळली आणि तिला पाठीवर घेतलं. दारातून जाताना पिलगूकडे बघितलं नाही.

"अरे, कुठे?" पिलगू म्हणाला. त्याला हे अपेक्षित नव्हतं. "मला असंच सोडून? मी गारठून मरेन इथे. मग आईचा पत्ता कुणाला विचारशील?"

मानसोक उतरू लागला. पाय घसरत होते.

"दादा! या, सांगतो. हात सोडवा, सांगतो!"

तो उतरत राहिला. मागचा आवाज थोडा वेळ थांबला. पिलगू विचार करत असावा, आणि तो माणसं ओळखायचा. काय बोललं म्हणजे हा माणूस पळत परत वर येईल आणि आपल्या हाताच्या टप्प्यात येईल, ते त्याने शोधून काढलं.

"तुझ्याच घरात आहे ती!" तो ओरडला. थंड हवेत शब्द अगदी स्वच्छ येत होते. "परसात, रांजणांच्या ओट्याखाली! पोलिसांची कुत्री आली तेव्हा रांजणांतल्या आंबवलेल्या सोयाबीनच्या वासात त्यांना काही कळलं नाही. तुझी बायको रोज तिच्या डोक्यावर उभी राहून रांजणातून डाव भरते! काखेत कळसा आणि गावाला वळसा रे, मानसोक! हिवाळाभर मी तुला हिंडवला!"

मानसोक थांबला.

त्याचे पाय आपोआप वळले, चढाकडे. काम दोन मिनिटांचं होतं. आजीला इथे झाडाखाली ठेवायची, कोट आहे अंगावर. वर जायचं, अंगठे होते तिथे ठेवायचे. हिवाळाभर त्याने हेच मागितलं होतं, ही टेकडी, हा माणूस, आणि बघणारं कुणी नाही. त्याने चढाकडे एक पाऊल टाकलंही.

"कोण ओरडतंय रे?" पाठीवरून आवाज आला. इतका बारीक की त्याला मान वळवावी लागली.

"कुणी नाही."

"तू कुणाचा?"

"सुन्नेचा."

म्हातारीची हनुवटी त्याच्या खांद्यावर हलली.

"सापडली का ती?"

वरून पिलगू अजून बोलत होता. सुन्नेबाई शेवटी काय म्हणाल्या, कशा म्हणाल्या, सगळं सांगत होता.

"हो," मानसोक म्हणाला. "सापडली."

"बरं झालं बाबा," आजी म्हणाली, आणि तिचं डोकं पुन्हा खांद्यावर पडलं.

ती फार हलकी होती. उपाशी ठेवलेल्या म्हातारीला वजन ते काय असणार. त्याबद्दल मानसोकने तिला पुढे कधीच पुरतं माफ केलं नाही. जरा जड असती तर दम लागला असता, तिला खाली ठेवायला निमित्त मिळालं असतं. त्याने तिला पाठीवर वर सरकवलं, तिचे दोन्ही हात आपल्या गळ्याभोवती घट्ट धरले आणि तो उतरू लागला.